नाव न घेण्याचा रोग

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरात दोन वास भरून राहिलेले असत. एक उटण्याचा आणि दुसरा मिसरीचा. अभ्यंगाच्या पाण्याचा हंडा चुलीवर चढण्याआधीच थोरली आत्या तिथे लोखंडी तवा ठेवून बसलेली असे. भाजता भाजता तंबाखू काळी पडली आणि धूर नाकाला झोंबू लागला की ती तवा खाली घेई, तंबाखू तळहातावर चुरून पत्र्याच्या डबीत भरी आणि त्यातलीच चिमूटभर बोटावर घेऊन दातांना लावी. मग डोळे मिटून पाच मिनिटे स्वस्थ बसे. त्या पाच मिनिटांत तिला हाक मारण्याची घरात कुणाची छाती नव्हती. आम्हा पोरींना वाटे, ही दात घासते आहे. तिलाही तसेच वाटत असे.

१९९३ च्या दिवाळीत तिने चकलीचा तुकडा तोंडात टाकला आणि एकदम गाल धरला. "काय झालं गं आत्या?" म्हणून मी विचारले, तर म्हणाली, "काही नही व माय, तोंड येल शे." तोंड येणे म्हणजे अंगातली उष्णता वाढणे, एवढेच आमचे वैद्यकशास्त्र. कुणी गोळ्या दिल्या, कुणी तूप-जिरे सांगितले. गालाच्या आतला पांढरा चट्टा तिने कुणालाच दाखवला नाही. पदर तोंडाशी धरून बोलण्याची सवय होतीच, ती कामाला आली. पुढच्या दिवाळीला तिच्यापुढे फराळाचे ताट मांडले ते केवळ रिवाज म्हणून. तिला तेव्हा पेजसुद्धा गिळवत नव्हती.

मध्यंतरी तिला मुंबईला नेले होते. चाळीसगाव हे भुसावळ-मुंबई लोहमार्गावरचे जंक्शन. रात्रीच्या गाडीत बसावे आणि उजाडता दादरला उतरावे. फलाटावर ओळखीचे कुणी भेटले की वडील सांगत, "पाहुण्यांकडे चाललोय." मुंबईत आमचे कुणी पाहुणे नव्हते. होती ती दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा, जिथे आमच्यासारखीच गावोगावची माणसे आपापले दुखणे घेऊन उतरत. आत्याच्या दुखण्याचे नाव आमच्या घरात शेवटपर्यंत कुणी उच्चारले नाही. मोठ्यांत बोलणे निघालेच तर 'तो रोग' म्हणत, आणि तेही दार लोटून घेऊन.

वाचक म्हणतील, फराळाच्या ताटाशेजारी उघडायच्या अंकात मास्तरीणबाईंनी हे कशाला काढले? खरे आहे. कादंबरी लिहिताना मीही असल्या प्रसंगी पात्राला दुसऱ्या खोलीत पाठवून देते. परंतु ज्या नावाला आमचे घर एवढे भ्याले, ते नाव महाराष्ट्रात उघड्यावर कुणी आणि कसे आणले, हे शोधण्याचा मला पुढे नाद लागला. त्यात जे हाती आले ते चार घरांत वाचले जावे असे वाटते, आणि चार घरांत वाचला जाणारा अंक वर्षातून एकदाच निघतो.

नाव तसे जुनेच आहे. सुश्रुतसंहितेत 'अर्बुद' म्हणून न पिकणाऱ्या, खोल रुतलेल्या गाठीचे वर्णन येते. ग्रीक वैद्यांना गाठीभोवती पसरलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या, म्हणून त्यांनी रोगाला खेकड्याचेच नाव दिले. आपला 'कर्क' म्हणजेही खेकडा. वर्गात राशी शिकवताना मी मुलांना हे सांगते, तेव्हा मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, "बाई, म्हणजे तो चावतो का?" चावत नाही, आणि हीच त्याची खरी खोड. आरंभी तो दुखतच नाही. जे दुखत नाही ते दाखवायचे कशाला, असा आपल्याकडचा, विशेषतः बायकांचा, हिशेब असतो.

मुंबईतली कथा एका श्रीमंत घरातून सुरू होते. लेडी मेहेरबाई टाटा या सर दोराबजींच्या पत्नी. टेनिस खेळणाऱ्या, बालविवाहाविरुद्धच्या चळवळीत हिरिरीने उतरलेल्या. त्यांच्या गळ्यात 'ज्युबिली' नावाचा हिरा असे, कोहिनूरहूनही मोठा. १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने त्या विलायतेत वारल्या. दोराबजींनी १९३२ साली पत्नीच्या नावे रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी ठेवला आणि त्याच वर्षी तेही गेले. मागाहून तो हिरा विकला गेला व त्याचे पैसे त्यांच्या न्यासात जमा झाले. त्याच न्यासाने परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभे केले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते उघडले. दुसरे महायुद्ध भर रंगात आले होते, आणि इकडे केवळ एका रोगासाठी एवढी मोठी इमारत बांधली म्हणून लोकांनी तोंडात बोटे घातली असतील. तेव्हापासून गावोगावच्या माणसांच्या तोंडी त्या रुग्णालयाचे नाव नुसते 'टाटा' असे राहिले. 'टाटाला नेले' एवढे दोन शब्द पुरत. तिसरा उच्चारावा लागत नसे. रोगाचे नाव टाळण्याची ती एक नवी सोयच झाली म्हणा ना!

त्या इमारतीतल्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर वसंत रामजी खानोलकर हे मला या सगळ्या कथेतले मोठे पात्र वाटतात. १८९५ साली जन्मलेला, लंडनला शिकलेला हा विकृतिशास्त्रज्ञ. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहणे हे त्यांचे काम. परंतु ती पेशी ज्या माणसाची, तो माणूस काय खातो, काय नेसतो, कसा राहतो, हेही ते विचारू लागले. काश्मीरमध्ये अंगरख्याखाली निखाऱ्यांची कांगडी धरतात, तिथे पोटाच्या कातडीचा कर्करोग. आंध्रच्या किनाऱ्यावर चिरुटाचे पेटते टोक तोंडात धरून ओढतात, तिथे टाळूचा. धोतराची गाठ वर्षानुवर्षे कमरेवर घट्ट आवळली जाते, तिथे कमरेचा. तंबाखू नि चुना गालात धरून ठेवतात, तिथे गालाचा. म्हणजे रोग नशिबातून येतो असे नव्हे, कित्येकदा तो सवयीतून येतो. आणि सवय ही सांगून, शिकवून सुटण्यासारखी गोष्ट आहे. कर्करोगाविषयी लोकांना शिकवण्याचे बीज मला या निरीक्षणात दिसते. नशिबाला कोण शिकवणार?

१९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. पुण्याच्या कमल रणदिवे या त्यांच्याच हाताखाली तयार झाल्या. शरीराबाहेर पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा त्यांनी उभारली, आणि पुढे १९७३ साली वैज्ञानिक स्त्रियांची संघटनाही काढली. त्यांच्यावर स्वतंत्र लेख लिहायला हवा. इथे नुसता नमस्कार करून पुढे जाते.

याच सुमारास, १९५१ मध्ये, शल्यविशारद डॉक्टर जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. रुग्णालय बरे करते, पण रुग्णालयापर्यंत माणूस वेळेवर यावा कसा, हा तिचा प्रश्न. त्यासाठी आधी रोग कुठे, कुणाला, किती हे समजायला हवे. म्हणून १९६३ पासून मुंबई शहरातल्या कर्करोग्यांची नोंद ठेवण्यास आरंभ झाला. एखाद्या लोकवस्तीतल्या अशा सर्व रुग्णांची गणती करणारी ही देशातली पहिली नोंदवही. शहरात हे त्या मानाने सुलभ होते. रुग्णालये होती, कागद होते. खेड्यात मात्र रुग्णाचा कागद नसतो. माझ्या आत्याचाही पहिले वर्षभर नव्हता.

खेड्याची ही अडचण सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीने सोडवली, आणि ती ज्या रीतीने सोडवली ती मला फार आवडते. बार्शीला कर्करोगाचे एक ग्रामीण रुग्णालय आहे, त्याला नर्गिस दत्त यांचे नाव दिलेले आहे. रुपेरी पडद्यावरची ही 'मदर इंडिया' १९८१ साली कर्करोगाने गेली. डॉक्टर भगवान नेने आणि त्यांचे सहकारी तिथे काम करीत. १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या साडेतीनशेच्या आसपास गावांसाठी कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. रुग्ण आपण होऊन येतील म्हणून वाट पाहत बसण्यात अर्थ नव्हता. तेव्हा नोंद करणारी माणसेच गावोगाव जाऊ लागली. गावातल्या जाणत्या माणसांपाशी बसायचे, कुणाच्या अंगावरून अवेळी जाते आहे का, कुणाच्या छातीत गाठ आहे का, कुणाच्या तोंडातली जखम महिनोन्‌महिने भरत नाही का, असे विचारायचे. काही महिन्यांनी पुन्हा त्याच गावी जायचे.

आता गंमत पाहा. ही माणसे मोजायला गेली होती. पण मोजायचे तर विचारावे लागते, आणि विचारायचे तर नाव घ्यावे लागते. खेपेमागून खेपा होत राहिल्या तसा तो शब्द चावडीवर बोलला जाऊ लागला. लक्षणे ऐकून बायका आपण होऊन तपासून घ्यायला निघाल्या. काही वर्षांतच या भागातून येणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णांत, आरंभीच्या अवस्थेतच पोचणाऱ्या बायकांचे प्रमाण वाढलेले दिसले. कुठलेही नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. माणसे बोलली होती, एवढेच.

गर्भाशयमुख हा शब्द पुस्तकातला. आमच्याकडे बायका 'पिशवीचं तोंड' म्हणतात, आणि तेही जावेच्या कानात. बार्शी भागातल्या बायकांत तेव्हा याच जागेच्या कर्करोगाचा पहिला क्रमांक होता. एका विषाणूच्या दीर्घकाळ टिकून राहिलेल्या संसर्गातून तो होतो. हे शोधून काढणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउसेन या जर्मन शास्त्रज्ञाला २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. संसर्ग झाल्यापासून रोग होईपर्यंत बहुधा दहा-वीस वर्षे जातात. म्हणजे हा शत्रू वाड्यात शिरायला वीस वर्षे घेतो, आणि आपण त्याला वीस वर्षे दार उघडे ठेवतो.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत १९९८ साली टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी जो प्रयोग मांडला, त्याची हकीकत वाचताना मी खुर्चीत सावरून बसले. ३५ ते ६४ वर्षे वयाच्या दीड लाख बायका. त्यांना समजावून सांगायला आणि तपासायला कोण नेमावे? डॉक्टर नव्हेत, परिचारिकाही नव्हेत. किमान दहावीपर्यंत शिकलेल्या बायका निवडल्या आणि त्यांना काही आठवडे शिकवून तयार केले. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. आयुष्यभर प्रत्येक अर्जावर तो रकाना भरताना माझा हात अडखळला आहे. आणि इथे माझ्याएवढेच शिकलेल्या बायका दारोदार जाऊन, मोरीत भांडी घासणाऱ्या बाईपाशी उकिडव्या बसून, तिला पिशवीच्या तोंडाबद्दल सांगत होत्या!

त्यांची तपासणी ऐकाल तर स्वयंपाकघरातली वाटेल. पातळ केलेले ॲसिटिक आम्ल, म्हणजे लोणच्यात घालतो त्या व्हिनेगरचाच प्रकार, कापसाने गर्भाशयमुखावर लावायचे आणि सुमारे मिनिटभर थांबून उजेडात पाहायचे. जिथे पेशी बिघडू लागल्या असतील तिथे पांढरा डाग उमटतो. तसा दिसला तर पुढे डॉक्टरांकडे. दर दोन वर्षांनी एक, अशा चार फेऱ्या झाल्या. २०१३ साली निष्कर्ष जाहीर झाला: तपासणी झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. याच बायका हातांनी छातीचीही तपासणी करीत. त्याचा वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली निघाला. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले होते. दहावी शिकलेली दहा बोटे, दुसरे काय!

इकडे बार्शीच्या मंडळींनी शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून आणखी मोठे काम उचलले. ४९७ गावे, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे चार गट केले. एकात विषाणूची चाचणी, एकात पेशींची, एकात तो व्हिनेगरचा प्रकार, आणि चौथ्यात नेहमीचे चालले होते तेच. २००९ साली निकाल आला. विषाणूची चाचणी एकदाच, आयुष्यात फक्त एकदाच झालेल्या गटात या रोगाने ३४ बायका दगावल्या. चौथ्या गटात ६४. दोन्ही गट साधारण सारख्या संख्येचे, तीस-पस्तीस हजारांचे. साऱ्या जगाने या आकड्यांची दखल घेतली. गरीब देशांनी काय करावे, याचा विचार त्यानंतर या गावांची नावे न घेता होऊ शकला नाही.

पण तो चौथा गट मला झोपू देत नाही. ६४ हा आकडा वाचताना मी थांबले. त्या बायकांना तपासलेच नव्हते. मुंबईच्या प्रयोगातही अर्ध्या बायकांना रोगाची माहिती सांगितली, तपासणी मात्र झाली नाही. तुलनेसाठी असा गट ठेवावा लागतो, हे शास्त्रज्ञांचे म्हणणे. एरवीही त्या काळी आपल्या खेड्यांत अशी तपासणी कुणाचीच होत नव्हती, हेही खरे. तरीही पुढे यावर परदेशांतून आणि आपल्याकडूनही कडक टीका झाली. त्या बायकांना सगळे नीट समजावून मगच संमती घेतली होती का, हा सवाल विचारला गेला. डॉक्टरांनी आपली बाजू मांडली. दोन्ही बाजू वाचून मला वाटते, की विचारणाऱ्यांचे विचारणे रास्त होते आणि काम करणाऱ्यांचे काम मोठे होते. एकाने दुसरे पुसले जात नाही. या ज्ञानाचे मोल कुणी दिले, हे मात्र लिहून ठेवले पाहिजे. त्या ६४ जणींची नावे कुठल्याही नियतकालिकात छापलेली नाहीत.

तंबाखूची गोष्ट निराळी. तिथे शत्रू पुडीत भरून दुकानात टांगलेला असतो. महाराष्ट्र सरकारने २००२ साली गुटख्यावर बंदी घातली. ती न्यायालयात टिकली नाही. २०१२ साली पुन्हा घातली. मधल्या काळात या बाजूने बोलायला माणसे उभी राहिली, त्यांत टाटा रुग्णालयातले डॉक्टर पंकज चतुर्वेदी ठळक. त्यांनी औषधोपचार केलेल्या रुग्णांनाच पुढे आणले. कापलेल्या जबड्याची माणसे पुढाऱ्यांपुढे जाऊन उभी राहिली. शरद पवारांनी आपल्या तोंडाच्या कर्करोगाबद्दल आणि तंबाखूच्या पश्चात्तापाबद्दल जाहीरपणे सांगितले. आर. आर. पाटील २०१५ साली याच रोगाने, साठीही न गाठता गेले, तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत दोन जणांनी खिशातल्या पुड्या काढून टोपलीत टाकल्या. त्यातल्या एकाने आठवड्याने नवी आणली, हेही सांगायला हवे. बंदी असूनही पानटपरीवर काय मिळते ते चाळीसगावच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

मिसरीवर मात्र ना बंदी, ना इशारा. पुडीवर सडलेल्या तोंडाचे चित्र छापता येते; आत्याच्या तव्यावर ते कुठे छापणार? घरात, बाईच्या हाताने, बाईसाठी होणारी ही वस्तू कुठल्याच कायद्याच्या दारातून जात नाही. तिच्यापर्यंत पोचायला दुसऱ्या बाईनेच तिच्या चुलीपाशी जायला हवे.

आता माझेही सांगते, नाही तर हा लेख खोटा ठरेल. एवढे सगळे वाचले होते, आकडे पाठ होते. तरी चाळिशी उलटल्यावर आशाताई तपासणीच्या शिबिराचे सांगायला आली, तेव्हा मी शाळेच्या परीक्षा पुढे केल्या. पुढच्या वर्षी भाचीचे लग्न होते. खरे कारण लाजेचे होते, आणि लाजेच्या खाली भीतीचे. तिसऱ्या वर्षी ती म्हणाली, "बाई, तुम्हीच नाही आलात तर मी बाकीच्यांना कोणत्या तोंडाने सांगू?" ती माझी जुनी विद्यार्थिनी. सातवीत तिला मी निबंधात लाजू नकोस, मनातले लिही, म्हणून रागावले होते. गेले. पाच-सात मिनिटांत झाले. बाहेर आले तेव्हा बाकावर बसलेल्या आठ-दहा जणींनी माझ्याकडे, चित्रपट पाहून आलेल्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले. मी म्हटले, "दुखत नाही." मग एकेक उठू लागली.

आता या विषाणूवर लस निघाली आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने केलेली देशी लस २०२३ च्या आरंभी बाजारात आली. माझ्या वर्गातल्या मुली नऊ ते चौदा याच वयाच्या, म्हणजे ती घेण्याच्या नेमक्या वयाच्या. पालकसभेत मी विषय काढला. दोन आयांनी खाली पाहिले, एक बाप उठून बाहेर गेला, आणि एका आजीने विचारले, "सुई किती मोठी असते?" मला तो प्रश्न फार बरा वाटला. नाव ऐकून ती पुढच्या गोष्टीला आली होती.

गेल्या महिन्यात रात्रीच्या गाडीला कुणाला तरी पोचवायला स्टेशनावर गेले होते. फलाटावर एक जोडपे बसले होते. भडगावकडचे असावे. त्याच्या हातात मोठे पाकीट होते, क्ष-किरणांच्या छायाचित्रांचे असते तसे, आणि तिच्या मांडीवर भाकऱ्यांचे गाठोडे. शेजारच्या बाईने सहज विचारले, "कुठे, कल्याणला?"

"नाही, टाटाला," तो म्हणाला. "हिच्या छातीत गाठ आहे, कॅन्सरची. पहिल्या पायरीला सापडली."

एवढे बोलून त्याने तिच्याकडे पाहिले. तिने गाठोडे सोडले आणि शेजारच्या बाईला अर्धी भाकरी पुढे केली.